दाजींची खुर्ची

सरकार कसं दिसतं असं कुणी विचारलं, तर मी बेधडक आमच्या दाजींकडे बोट दाखवीन. ढगळ पँट, डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल आणि कायम उभं! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वाटूरजवळच्या एका गावात ग्रामसेवक. त्यांच्या कार्यालयात धड खुर्ची एकच, आणि ती लेकरांसाठी. सरपंच आले तरी त्यांना बाकडं; पण एखादं शेंबडं पोर दारात दिसलं, की दाजी ताडकन उठतात, खुर्ची रुमालाने पुसून त्याला बसवतात आणि स्वतः हात बांधून उभे राहतात. "लेकरू दारात आलं अन् सरकार बसून राह्यलं, हे बराबर न्हाई," म्हणतात. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने त्या खुर्चीवर पाय हलवत तक्रार केली, की शाळेच्या नळाला हात पुरत नाही. हा माणूस भर उन्हात शाळेत गेला, गुडघ्यांवर चालत नळापाशी पोचला आणि हात वर करून ओरडला, "बिलकुल पुरत न्हाई!" नळ खाली आला. तेव्हापासून गावातली मोठी माणसं कमरेत वाकून पाणी पितात आणि दाजींचा उद्धार करतात.

हसनाबादला त्यांचे थोरले भाऊ असतात. वडिलांच्या माघारी त्यांनीच दाजींना शिकवलं, त्यामुळे दाजींचा त्यांच्यावर फार जीव. घरात छोटंसं कार्य आहे म्हणून त्यांनी बोलावलं, तेव्हा मीही सोबत होतो. पाहतो तर काय, हळद कालवलेली आणि नवरी म्हणजे दहावीतली पुतणी! दाजी क्षणभर पांढरेफटक पडले. मग त्यांनी मांडवातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, रुमालाने पुसली, पोरीला मधोमध बसवलं आणि हात बांधून समोर उभे राहिले.

"बोल माय, तुला काय पाहिजे?"

"काका, मला शाळेत जायचंय."

भाऊ कडाडले, "तू भाऊ म्हणून आलास का सरकार म्हणून?"

"भाऊ म्हणूनच आल्तो, दादा. पण आता लेकरू खुर्चीत बसलंय."

आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिथल्या ग्रामसेवकाला आणि पोलिसांना फोन लावला. एवढा मोठा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. लग्न थांबलं. "माझ्या घरात तुला बसायला जागा न्हाई," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द पाळला.

तरी दाजी दर दिवाळीला जातात, अंगणात उभ्याउभ्या चहा पितात आणि परततात. यंदा मी पुन्हा बरोबर होतो. पुतणी आता जालन्याला नर्सिंग शिकते. तिने आतून खुर्ची आणली, ओढणीने पुसली आणि अंगणात मांडली.

"बसा, काका."

ओसरीवर भाऊ पेपरात तोंड घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नकोही म्हटलं नाही. दाजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"दादा म्हणू दे. मंग बसतो."

कपातला चहा निवत चालला होता. आम्ही तिघंही ओसरीकडे बघत उभे होतो.