जुळलेल्या जबान्या

माझी बायको सकाळी आठ ते चार अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरवर बसते आणि घरी आल्यावर मराठीत प्रेमकादंबऱ्या लिहिते. आजवर एकोणीस झाल्या. मी त्यांतल्या चार वाचल्या आहेत. काउंटरमुळे तिचं अरबी चांगलं आहे. माझं यल्ला आणि खलासच्या पुढे गेलेलं नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये येमेनमधून आलेली एक विधवा ज्यू बाई राहते. आम्ही तिला खाला म्हणतो. ज्यू म्हणून गावात जगणं अशक्य झालं तेव्हा एका परदेशी संस्थेने तिला बाहेर काढून इथे आणलं. यादीत तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं, त्याच्या बायकोचं नव्हतं, कारण लग्नाचा कागद घराबरोबर जळला होता. बायकोला सोडून भाऊ निघाला नाही. दोन वर्षांनी संस्थेने कळवलं, कागद नसेल तर नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या जबान्या पाठवा, मग पाहू.

खाला ते पत्र घेऊन आमच्याकडे आली. बायकोला म्हणाली, "तू नवरा-बायकोंचंच लिहितेस ना? मग हेही लिही."

बायकोने दोघांना वेगवेगळे फोन करून जबान्या इंग्रजीत लिहिल्या. तपासायचं काम माझं. मी बांधकाम कंपनीत मोजमापं बघतो. दोन कागदांतले आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. इथे सतरा ठिकाणी जुळत नव्हते. लग्न होऊन तो म्हणे सव्वीस वर्षं झाली, ती म्हणे चोवीस. मेंढ्या त्याच्या मते तीन कापल्या, तिच्या मते पाच. मी बायकोला पुन्हा फोन करायला लावले, खालाचा आकडा तिसरा साक्षीदार म्हणून धरला आणि सतराच्या सतरा गोष्टी मिटवल्या.

"अहो, ही पायाची खोदाई नाहीये," बायको म्हणाली.

"ही तुझी कादंबरीही नाही," मी म्हणालो. कागद गेले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन्ही जबान्या शब्दाला शब्द जुळतात, पढवलेल्या वाटतात. पंधरा दिवसांत नव्या न आल्यास फक्त भावाचा विचार होईल.

खाला माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली. बायकोने त्याचं मराठी केलं: "तो एकटा येणार नाही." तेवढं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

"आपल्या लग्नात किती पानं उठली?" बायकोने मला विचारलं.

"साडेतीनशे."

"चारशे दहा."

"मी स्वतः मोजली होती!"

"तुम्ही बोहल्यावर होतात. आता कळलं का?"

मग तिने त्या दोघांना एकाच फोनवर बसवलं, लग्नाचा विषय काढला आणि गप्प राहिली. चाळीस मिनिटं ती दोघं भांडली.

"मेंढ्या तीनच होत्या."

"तीन तुझ्या बापाने आणल्या. माझ्या भावांनी आणलेल्या दोन तुला कधी दिसल्याच नाहीत!"

बायकोने ज्याचं त्याचं म्हणणं ज्याच्या त्याच्या कागदावर उतरवलं. त्याच्या जबानीत 'माझी बायको वेगळं सांगेल, पण ती चुकते आहे' असं तीनदा आलं, तिच्या जबानीत तेच नवऱ्याबद्दल पाचदा. फोनचं रेकॉर्डिंगही जोडलं. मला हात लावायची मनाई होती. मी फक्त सोबतच्या पत्रात माझ्या सहीने लिहिलं, की आधीची जुळवाजुळव माझी होती, त्या दोघांची नव्हे.

चार महिन्यांनी परवानगी आली, दोघांची.

विमानतळावर आम्ही खालाला घेऊन गेलो. काचेच्या दारातून भाऊ एकटाच बाहेर आला, हातात एक बॅग. खालाने हाक मारली. त्याने हात वर केला आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून, दाराकडे बघत उभा राहिला. मागच्यांच्या ट्रॉल्या अडल्या. गार्डने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तो एक पाऊल सरकला.

आत त्याच्या बायकोचे कागद तपासत होते. अकरा मिनिटं लागली.

ती बाहेर आली, तेव्हा तो वळला.