राणीसाहेबांचा गुडघा आणि ‘बठ्ठा’

दक्षिणेकडच्या एका संस्थानाच्या राणीसाहेब गुडघ्याच्या उपचारांसाठी धुळ्याला आल्या आणि देवपुरात बंगला घेऊन राहिल्या. राजेसाहेब गेल्यापासून गादी त्याच चालवीत. नुसत्या खाकरल्या तरी पांझरा नदीचं पाणी उलटं वाहायचं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. गुडघ्याला तेल चोळायला मला ठेवलं होतं. ही चाकरी गेली तर परत गावी जाऊन सासूच्या नजरेखाली कापूस वेचायचा, एवढी एकच धास्ती मला.

तेल मुरेपर्यंत आम्ही सोंगट्या खेळायचो. अख्ख्या संस्थानाचा न्याय करणारी ही बाई पदराआडून सोंगटी हळूच दोन घरं पुढे सरकवायची. मी तेवढा वेळ छताकडे बघायची. तिथली एकेक पाल माझ्या ओळखीची झाली होती.

एकदा अशाच जिंकल्या आणि खुशीत म्हणाल्या, “काय गं, आमच्या प्रजेबद्दल काय ऐकलंस?”

मी लोणी लावलं, “राणीसाहेब, तुमना राजम्हा बठ्ठा सुखी शेतस!”

त्या ताठ झाल्या. “आमच्या राज्याला बट्टा? आणि वर तो सुखी?”

कारभारी धावत आले. मला गाठोडं बांधायचा हुकूम सुटला. गाठ मारताना डोळ्यांपुढे नुसती कापसाची बोंडं! तेवढ्यात धुळ्याचीच स्वयंपाकीण अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“अहो, आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे! सगळे सुखी आहेत, म्हणतेय ती.”

चूक कबूल करायची रीत त्या घराण्यात नव्हती. “आम्हाला ठाऊक होतं,” राणीसाहेब म्हणाल्या. “कारभारी जागे आहेत की नाही, ते पाहत होतो.”

माझं गाठोडं सुटलं. पण तो शब्द राणीसाहेबांच्या जिभेवर असा बसला की दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांनी गुडघ्याची चौकशी करताच त्या ऐटीत म्हणाल्या, “बठ्ठा बरा शे!”

वैद्यबुवांनी हात जोडले. “सगळा बरा? मग माझं काम संपलं. खुशाल आपल्या गावी जावं.”

गुडघा तर दुधीभोपळ्याएवढा सुजलेला! पण बोललेला शब्द मागे घेईल ती राणी कसली? दुपारीच मोटार दाराशी लागली. मीही गावाकडे निघाले, तोच पायरीवर राणीसाहेबांच्या गुडघ्यात कळ आली, तशी त्यांनी ओठ चावला आणि त्या माझ्यावर खेकसल्या, “उभी काय राहिलीस? बस आत. तेल कोण चोळणार, कारभारी?”

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या कारभाऱ्यांनी सुटकेचा असा सुस्कारा सोडला, की मोटारीची काच धुरकटली.