कांबळेबाईंचा जादा तास

दारात चपला साठतात तसे किस्से साठतात राव. चिखलीच्या एका शाळेच्या फाटकावर मी राखणीला बसतो; सगळे मला बाबा म्हणतात. शाळा सुटली की मागं पडलेल्या पोरांचा कांबळेबाई जादा तास घेतात. मी काही शिकलो नाही, पण तेव्हा त्या खोलीच्या दारात बसून बरंच ऐकलंय.

*

सहावीतली आरती. चिडली की समोरच्याला ठोसाच! बाईंनी शिक्षा केली नाही. म्हणाल्या, "राग आला की बाबांकडं जायचं, बागेच्या पाण्याचा हापसा मारायचा, राग संपला की परत."

दोन महिन्यांत पोरगी निवळली. हापशाकडं फिरकेना.

एक दिवस बाग बघणारे सर दारातून डोकावले, "अरे, आरतीला चिडवा रे कोणीतरी, झाडं वाळायला लागली!"

*

बाईंनी नियम केला. वही विसरेल त्यानं दारात बाबांपाशी बसायचं. दुसऱ्याच दिवशी सात जण विसरले!

"बाबा, काय देता हो पोरांना?"

"काय न्हाई बाई. शेंगदाणे."

*

"पन्नास किलो कांदा. वीस किलो नासला. किती उरला?" समीरचा बाप चाकणच्या बाजारात हमाल. पोरगं बोटांवर मोजून म्हणालं,

"बाई, तीस. पण आजच विका, उद्या तोबी जाईल!"

बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

पाचवीतली रुक्मिणी जालन्याकडची. बोलायला चुरूचुरू, पण पुस्तक उघडलं की ओठ शिवल्यासारखे. बाप कंपनीत. त्यानं बाईंना सांगूनच टाकलेलं, "दिवाळीपर्यंत वाचाय आलं न्हाई तर दाखला काढून गावी ठिवतो. शेरडं तरी राखंल." पोरीला शाळा सोडायची नव्हती. बाई रोज तिला घेऊन बसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी बाप शिफ्ट संपवून आला. बाईंनी पुस्तक पुढं केलं. रुक्मिणीचे ओठ शिवलेलेच.

बापानं खिशातून अर्ज काढून माझ्या हातात दिला. "हापिसात द्या, बाबा."

मी कागद पोरीपुढं धरला. "मला अडाण्याला काय कळतंय? बघ गं माय, काय लिहिलंय."

तिनं बोट ठेवलं. अडखळत, थांबत, पुढं सरकत गेली. "माझी मुलगी... रुक्मिणी... हिला अजून... वाचता येत नाही... तरी तिचा दाखला... मिळावा, ही विनंती."

तिचं बोट आणखी खाली गेलं, थांबलं. तिनं मान वर केली.

"पप्पा, सही राहिलीय तुमची."