लिंबाजीचं कडवं

“हे शेवटी काय आहे? वडिलांची जाहिरात?”

सर असं म्हणले आन् तालमीची सगळी खोली हसली. ढोलकीवाला हसला, कीबोर्डवाला हसला, माझ्यासोबतची पोरं हसली. मीबी हसले. काय करता? टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आमी सहा जण उरलो होतो आन् त्या सहात हिंगोली जिल्ह्यातली मी एकटी. मुंबईत कुणी हसलं की आपुणबी हसायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

सर म्हणजे त्या कार्यक्रमाचे दिग्दर्शक. कुणी काय गायचं, कुठं उभं राहायचं, कवा डोळे पुसायचे, सगळं तेच ठरवायचे. वाईट बोलायचे न्हाईत. कायम हसून बोलायचे. शिवी देणाऱ्याला उलटून बोलता येतं, हसणाऱ्याला काय बोलता?

मी माझ्या बापाचं गाणं गाऊन राहिले होते. अण्णांचं.

अण्णा आमच्या गावी, हिंगोलीकडच्या गोरेगावात, गवंड्याच्या हाताखाली काम करतात. माल कालवायचा, घमेली द्यायची, विटा वाहायच्या. डोक्यावर ओझं असलं की त्यांना गाणं सुचतं. सही सोडून दुसरं काही लिहिता येत न्हाई, म्हणून घरी आले की चुलीपाशी बसून मला म्हणून दाखवायचे आन् म्हणायचे, “ध्यानात ठेव माय, मी इसरीन.” असली कितीतरी गाणी माझ्या डोक्यात हायेत. हे गाणं त्यांनी गावात साळेची नवी खोली बांधताना केलं.

वीट वाहिली, भिंत बांधिली, साळा झाली गावात
माझ्या लेकीला बसू द्या हो पहिल्याच रांगेत

हे धृपद. मंग दोन कडवी. आन् मंग शेवटचं, ज्याच्यावर सगळे हसले ते.

म्हणे लिंबाजी गोरेगावचा, हात माझे मातीत
लेक वाचिते पहिलं अक्षर, उजेड आला भिंतीत

लिंबाजी म्हणजे अण्णा. आमच्या गायन पार्टीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात गाणं करणाराचं नाव येतंच. जयंतीला विहारासमोर रातभर गाणी चालतात, तिथं कुणाकडं पुस्तक नसतं का छापील कागद. गोरेगावचं गाणं औंढ्याला जातं, औंढ्याचं वसमतला. गाणारा बदलतो, चालबी थोडी बदलती. पण शेवटचं कडवं आलं की लोक माना हलवतात, हां, हे अमक्याचं. दुसऱ्याचं गाणं गायचं आन् नाव गाळायचं ह्याला आमच्यात चोरी म्हणतात. एकानं एकदा असं केलं तर आमच्या भीमनगरच्या बायांनी त्याला अर्ध्या गाण्यातून खाली उतरवलं होतं.

आन् अजून एक गोष्ट. अण्णांना गावात लिंबाजी कुणी म्हणत न्हाई. लिंब्या म्हणतात. किराणा दुकानदार लिंब्या म्हणतो, ज्याच्या घराला वीट वाहिली तो लिंब्या म्हणतो. मिसरूड न फुटलेलं पोरगं गाडीवर बसल्या बसल्या ओरडतं, “ए लिंब्या, उद्या लवकर ये रे.” पांढऱ्या केसाचा माणूस मान हलवून हो म्हणतो. लिंबाजी ते फक्त त्या कडव्यात होते. बाकी कुठंच न्हाई.

हे सगळं मी सरांना सांगितलं. जमलं तसं, त्यांच्यासारखं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. ते म्हणले, “बरं बाई, गा. इतकं मनावर घेऊ नकोस.”

म्हणून मी चित्रीकरणाला पूर्ण गायले. शेवटच्या कडव्याला आवाज असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. लोक उभे राहिले. परीक्षक मॅडमनी खुर्चीवरून उठून माझ्या गालाला हात लावला. वाटलं, झालं! अण्णांचं नाव आता घराघरात जाणार. येडी मी.

आठवड्यानं तो भाग दाखवला. भीमनगरनं विहारात मोठा टीव्ही आणून लावला होता. मला मुंबईत फोन आला अण्णांचा.

“चांगली गायलीस माय.”

“ऐकलं का सगळ्यांनी?”

“ऐकलं की.” मंग म्हणले, “कडवं काहून सोडलं?”

“सोडलं न्हाई अण्णा. गायले मी.”

“टीव्हीत न्हाई आलं.”

तेवढ्यात चाँदमामूंनी फोन घेतला. चाँदमामू म्हणजे आमच्या पार्टीचे पेटीवाले, अण्णांचे लहानपणचे दोस्त. त्यांचा आवाज चढला होता. “नाम कायकू काटे बेटी उन लोगां? नीचे लिखको आया, पारंपरिक लोकगीत. तेरा बाप मर गया क्या?”

मागून अण्णा म्हणत होते, “जाऊ दे रे चाँद, वेळ नसंल त्यांच्यापाशी.”

मला रडू आलं न्हाई.

मी तो भाग पुन्हा पाहिला. पुण्याच्या पोरानं त्याच भागात अभंग गायला होता, नरसीच्या संतांचा. नरसी आमच्या हिंगोलीजवळच. त्या अभंगाच्या शेवटी त्यांचं नाव येतं. ते नाव आलं, पूर्ण आलं, पोरानं दोनदा घोळवून घेतलं आन् मॅडमनी डोळे टिपले. आता त्या संतांची बरोबरी मी काय करावी. त्यांना मी हात जोडते. पण नाव शेवटी घ्यायची रीत तर तीच ना? तिथं भक्ती आन् आमच्याकडं आली की जाहिरात?

मी स्टेजपाशी सरांकडं गेले. ते म्हणले, “अगं, ते ऑफिसचं काम आहे. गाण्याची कुठे नोंद आहे? काही कागद? नाही ना? मग ते पारंपरिकच.”

मी म्हणलं, “सर, माझा बाप जिता हाय. फोन लावून देऊ का?”

ते हसले. शेजारच्या मुलीकडं बघून हसले.

मॅडम तिथंच होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं, मायेनं बोलल्या, खोटं कशाला सांगू. “बाळा, लोकगीत सगळ्यांचं असतं. खरा कलावंत नाव मागत नाही.” स्टेजवर त्यांच्या खुर्चीमागं त्यांचं नाव दिव्यांनी लिहिलेलं होतं, एकेक अक्षर हातभर. मी त्याच्याकडं बघत बसले. तेव्हा बोलायची हिंमत न्हव्हती, हे खरं.

मंग अंतिम फेरी आली. गाणं लोकांना आवडलं होतं, म्हणून सर म्हणले, फायनलला हेच गायचं. धृपद आन् दोन कडवी. शेवटचं न्हाई. “आणि प्लीज, पुन्हा तो विषय नको.”

मी गावी फोन लावला. म्हणलं, “अण्णा, शेवटचं कडवं ते कापतात. तुमी तुमचं नाव धृपदातच घाला. धृपद कसं कापतील?”

अण्णा एकदम म्हणले, “न्हाई न्हाई. धृपदात नाव घालत नसतेत माय. ते माजाचं दिसतं. नाव शेवटी घ्यावं, खाली बसून घ्यावं. तू आपली दोन कडवी गा, जिंकून ये. नावाचं काय घिऊन बसलीस? मला लिंब्या म्हणलं तरी भाकर गोडच लागती.”

मला अण्णांचाच राग आला. खूप आला. ज्याच्यासाठी भांडावं तोच हात जोडून उभा. फोन ठेवला आन् वाटलं, मरू दे, गावं दोन कडवी, घ्यावी ट्रॉफी आन् जावं घरी. थकले होते मी. दुसऱ्याचे कपडे घालून, दुसऱ्याची भाषा बोलून, ते म्हणतील तवा हसून. खरं सांगते, निम्मं मन त्यांचंच ऐकत होतं.

पण जिंकून घरी जायचं म्हणजे कुणाच्या घरी? लिंब्याच्याच ना?

धृपद मीच बदललं. कुणाला विचारलं न्हाई, अण्णांनाबी न्हाई. तालमीत जुनंच गायले. फायनलच्या दिवशी स्टेजवर गेले, समोर लोक बसलेले, दिवे डोळ्यांवर, आन् मी उचललं,

वीट वाहिली लिंबाजीनं, साळा झाली गावात

माझ्या मागं कोरसच्या चार बाया होत्या. कोरसचं काम म्हणजे पुढचीनं जे म्हणलं ते उचलायचं. त्यांनी उचललं. चारी गळ्यांतून आलं, वीट वाहिली लिंबाजीनं. ढोलकी थांबली न्हाई. मी पुन्हा म्हणलं, त्यांनी पुन्हा म्हणलं. लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

“कट! कट!”

सर स्टेजवर आले. हसत होते, पण आता फक्त दात दिसत होते. “धृपद चुकलं तुझं. पुन्हा घेऊ.”

“चुकलं न्हाई सर.”

“पुन्हा घेऊ म्हणतोय ना.”

“गायचं तर असंच गाईन. न्हाईतर राहू द्या.”

ते जवळ आले आन् हळू म्हणले, “तू काय घालवतेयस, कळतंय का तुला?”

“व्हय,” मी म्हणलं. व्हय म्हणलं ते माझ्या गावाच्या तोंडानं म्हणलं, न लाजता. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा मी गायले न्हाई. फायनल टीव्हीवर आली तवा माझं गाणं त्यात न्हव्हतंच. मी खुर्चीत बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवताना दिसते, बास. सहावी आले. भीमनगर विहारात शेवटपर्यंत वाट बघत बसलं होतं, आता येईल, आता येईल. मी स्टेजवर काय केलं ते कुणीच पाहिलं न्हाई. कुणाला सांगितलं तर म्हणतात, हरली म्हणून सांगायला लागली.

गावात आले तर चौकात बॅनर. ‘गोरेगावची शान’. माझा फोटो मधी आन् वर भाऊसाहेबांचा, माझ्यापेक्षा मोठा. भाऊसाहेब आमच्या गावचे पुढारी. त्यांच्या दोन्ही घरांच्या विटा अण्णांनी वाहिल्यात. सत्काराला मला स्टेजवर खुर्ची होती. अण्णा खाली, लोकांच्या मागं, उकिडवे बसले होते. त्यांना वर बोलवावं असं कुणाला सुचलंबी न्हाई.

भाऊसाहेबांनी माईक घेतला. “आपल्या लिंब्याच्या पोरीनं गावाचं नाव काढलं! वाजवा टाळ्या! आता ते टीव्हीवालं गाणं होऊन जाऊ द्या.”

मी उठले. माईक घेतला. म्हणलं, “गाते. पण आधी कुणाचं गाणं हाय तेवढं सांगा.”

“आं? तुझंच की.”

“माझं न्हाई.”

“बरं, मंग लिंब्याचं.”

“लिंब्याचं बी न्हाई. करणाराचं नाव घ्या भाऊसाहेब, मंग गाते.”

त्यांना नाव माहीत न्हव्हतं असं समजू नका. दर निवडणुकीला मतदारांची यादी हातात घेऊन तेच आमच्या दारात येतात. माहीत होतं. जिभेवर येत न्हव्हतं. एक नाव, तीन अक्षरं. माणसानं पाणी मागावं इतकं सोपं. ते माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. मंग ते लोकांकडं वळून हसले, “पोरीला टीव्हीचं वारं लागलं राव!”

मी माईक टेबलावर ठेवला आन् खाली उतरले. शालबी तिथंच राहिली.

घरी जाताना अण्णा माझ्या मागं मागं चालत होते. “म्हणायचं होतं माय. काय जात होतं आपलं? आता कामाला कोण बलावंल?” आन् झालंबी तसंच. गवंड्याला कुणीतरी सांगितलं, काही दिवस अण्णांना काम मिळालं न्हाई. किराणा दुकानात म्हणायला लागले, नाकापेक्षा मोती जड झालाय. माझी माय घरात माझ्याशी बोलेना. चाँदमामू तेवढे येऊन बसायचे आन् चहा पिऊन जायचे.

मला ह्याचा कटाळा आलाय. लढून मोठं वाटतं असं लोक म्हणतात, मला तसलं काही वाटलं न्हाई. झोप येत न्हाई, एवढंच. ते गाणं आता लग्नाच्या डीजेवर वाजतं, कुण्या दुसरीच्या आवाजात. मोबाइलवर त्याच्या खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक.

परवा भाऊसाहेबांचा माणूस दारात आला. त्यांच्या घरी लग्न हाय, पाहुणे मोठे मोठे येणार. चप्पल न काढता उंबऱ्यातूनच म्हणला, “ए लिंब्या, भाऊसाहेबांनी बलावलंय. पोरीला घेऊन ये गाण्याला.”

अण्णा सवयीनं उठायला लागले.

मी म्हणलं, “बसा अण्णा.” त्यांचा हात धरूनच बसवलं. आन् दारात जाऊन त्या माणसाला सांगितलं, “ह्या घरात लिंब्या कुणी राहत न्हाई. लिंबाजी राहतात. भाऊसाहेबांना म्हणा, स्वतः या, हितं उभं राहून लिंबाजी म्हणून हाक मारा. त्यांनी ओ दिली तर मी गाते. तोवर तुमच्या लग्नाला न्हाई, तुमच्या चौकात न्हाई, तुमच्या कुणाच्या दारात न्हाई.”

तो माणूस अण्णांकडं बघत उभा राहिला. अण्णांनी नेहमीसारखं “चुकलं पोरीचं” म्हणावं, म्हणून.

अण्णा बसूनच राहिले.