बंद झालेला काढा

पायांना मुंग्या येत होत्या, मग उजव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं. तपासण्या झाल्या आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं. मी बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सासूबाई सातपाटीच्या; अजूनही पालघरच्या बाजारात मासळी विकतात. आजाराचं नाव काही त्यांच्या तोंडी बसेना, पण उपाय त्यांनी लगेच शोधला. कुठूनशी गुळवेल आणली आणि रोज सकाळी काढा उकळू लागल्या.

"पी पोरी. अंगातली ताकद वाडते."

कडूजहर असायचा. त्या समोर बसून राहत, म्हणून मी संपवायचे.

पुढच्या तपासणीला हे सहज बोलून गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो आधी बंद करा. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि तुमची कमी नाहीये, ती भलतीकडे खवळलीय."

मग त्यांनी समजावलं. जंतू ओळखणारे रिसेप्टर आपल्या पेशींत जन्मापासून असतात. जंतू दिसला की ते शरीराला जागं करतात. पण आपल्याच दुखावलेल्या पेशींच्या तुकड्यांनीही ते चेततात, आणि या आजारात मज्जातंतूंच्या आवरणाचा दाह त्यानं वाढू शकतो.

"मग ते बंद करायचं औषध नाही?"

"संशोधन चाललंय. पण त्यातलेच काही दुरुस्तीलाही मदत करतात. सरसकट गप्प करून कसं चालेल? सध्या आपली इंजेक्शनं चालू ठेवू."

घरी आले तेव्हा सासूबाई मोरीपाशी बोंबील साफ करत होत्या. शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे मी तुजं वाईट करीत व्हते?"

"नाही हो आई. मला तरी कुठे ठाऊक होतं?"

त्यांनी पुढचा बोंबील हातात घेतला. मग म्हणाल्या, "आनि ते चेततात ते आपलेच ना? जल्मापासूनचे?"

"हो."

"मंग त्यांना मारू नको म्हनावं. नुसतं शांत कर."

मला हसू आलं, आणि रडूही.

डोळा हळूहळू निवळला. इंजेक्शनं चालू आहेत, नवा झटका आलेला नाही. उकाडा वाढला की मात्र पाय जड होतात, नजर तेवढ्यापुरती पुन्हा अंधुक होते. यंदाच्या मे महिन्यात सासूबाई मासळीसाठी बर्फ घेताना एक तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवू लागल्या. माझ्या सुटीच्या दिवशी दुपारी घरी आल्या की तो धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या मानेवर धरायच्या.

"वास येतो काय गं मावऱ्याचा?"

"येतो."

"येऊं दे," म्हणाल्या, आणि फडकं जरा खाली सरकवलं.