अक्कांच्या कट्ट्यावरची भाकर

मंडळी, आपल्या खटकचिंचोळीच्या ग्रुपवर कोरोनाचे व्हिडिओ टाकणारी डॉक्टरकीची विद्यार्थिनी मीच. कॉलेज बंद असल्यानं घरूनच मराठीत, कन्नडात बोलते. मागच्या व्हिडिओत सांगितलं होतं, "मयताच्या घरी जाऊ नका." तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत.

आज सकाळी शेजारचे अप्पा कोरोनानं दवाखान्यातच वारले. घरी त्यांच्या पत्नी, अक्का, एकट्याच. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाकर शेजाऱ्यांनी न्यायची, ही आपली रीत. दुपार कलली तरी गल्लीतून कुणाचीच भाकर गेली नाही.

शेवटी मी मास्क लावून भाकरी-पिठलं त्यांच्या कट्ट्यावर ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिले. अक्का दारात आल्या. रडून रडून आवाज बसला होता.

"माणसं आली न्हाईत ते बरंच झालं, पोरी. तूच सांगितलंस न्हवं. पण भाकर कामून थांबली?"



भाकर बाहेर ठेवून लांबून हाक मारता येते, हे मी व्हिडिओत सांगितलंच नव्हतं. आता सांगायला बसलेय, तर कॅमेऱ्यासमोर आवाज फुटत नाही. म्हणून लिहितेय.

अक्कांची चूल उद्याही पेटणार नाही. सकाळची भाकर कोण ठेवतंय?