मिठाचं पाणी

मिठाची कल्पना तिची होती, माझी नव्हे.

मी आणि माझी ही मैत्रीण, दोघी महाडजवळच्या नाते गावच्या. एका बाकावर बसून शिकलो आणि लग्न होऊन महाडच्या एकाच मोहल्ल्यात आलो. दोघींचे नवरे आखातात. रविवारी सकाळी माझ्या पडवीत मोहल्ल्यातली मुलं जमवून आम्ही त्यांना दीनच्या, म्हणजे धर्माच्या, गोष्टी शिकवायचो. नुसत्या पाठांतराला मुलं कंटाळायची, म्हणून मी प्रयोग सुरू केले. बीएस्सी झाल्याचा तेवढाच उपयोग.

सावित्री नदीचं गढूळ पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि हात न लावता बघत बसायचं. गाळ तळाशी बसला की सब्र, म्हणजे धीर, काय असतो, ते वेगळं सांगावं लागत नसे. कधी पाण्यात आयोडीन टाकून ते तपकिरी करायचं, मग त्यात सी व्हिटॅमिनच्या गोळीची पूड. पाणी पुन्हा नितळ! "तौबा केली की मन असं होतं," मी म्हणाले. एका मुलीने लगेच विचारलं, "आपा, रोज घाण केलं तर रोज गोळी टाकायची?" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

एकदा त्याच मुलीने विचारलं, "अल्लाह दिसत नाय, मग हाय कशावरून?" मी अडखळले. मैत्रीण उठली, तिने स्वयंपाकघरातून मीठ आणून पाण्यात ढवळलं. "दिसतं का? आता चाखा." मुलांनी बोटं बुडवून चाटली. मला तिचं इतकं कौतुक वाटलं!

मुलांतल्या एकाने घरी जाऊन सांगितलं, अल्लाह मिठासारखा असतो. त्याची दादी संतापली. मौलानासाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. मोहल्ल्यातल्या चार बायकाही येऊन बसल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओढणी सारखी करत म्हणाली, "मी तेव्हा आत चहा टाकत होते. पडवीत काय झालं, मला माहीत नाय."

ती आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी थांबले.

मौलानासाहेब मला शांतपणे म्हणाले, "बेटी, नीयत वाईट नव्हती. पण अल्लाहची तुलना कशाशीच होत नाही." ते खरंच होतं. मी माफी मागितली.

बाहेर आल्यावर विचारलं, "का गो असं केलंस?"

"माझी सासू बसली होती तिथं. तुला कोण बोलणार हाय घरी? तुझं निभावतं."

सासू घरी नसेल तेव्हा ती मौलानासाहेबांना खरं सांगून येईल, असं मला वाटत राहिलं. त्याऐवजी बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, तिच्या घरी. माझ्याकडे मुलं पाठवायला बायका कचरत होत्या. तिच्याकडे पाठवायला कुणाचीच हरकत नव्हती.

मी माझ्या मुलीला तिच्या या खालाकडे, मावशीकडे, जायला अडवलं नाही. पहिल्याच दिवशी ती धावत आली. "अम्मी, खालाने तपकिरी पाणी साफ केलं! सगळे म्हणाले, खाला किती हुशार!"

मी तव्यावरची भाकरी उलटली. "तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हे तर अम्मी आमच्याकडे करायची. तर खाला म्हणाली, तेव्हाही मीच शिकवायचे ना."

ईदला ती शीरखुर्मा घेऊन आली, नेहमीसारखी आत येऊन बसली. "अजून रागात हायस?"

"वाटी धुऊन पाठवते," मी म्हणाले.

ती गेल्यावर मुलीने शीरखुर्मा आवडीने खाल्ला. मला एक चमचाही घेववला नाही.